अठरा नंबरचं भूत

तुम्ही माझ्या वडिलांना अडीच तास भूत म्हणून राबवलंत. हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकते, कारण आधीच्या तीन पत्रांत मी गोड सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तुमचं एकच उत्तर आलं: अभिप्रायाबद्दल आभार, सोबत दोघांसाठी मोफत पास. हे चौथं पत्र. तुमच्या उत्तराखाली कधी माणसाचं नाव नसतं, नुसतं 'व्यवस्थापन' असतं. त्यामुळे नेमकं कोणावर चिडायचं हेही कळत नाही. मग सगळ्यांवरच चिडते. घडलं ते सुरुवातीपासून सांगते, म्हणजे 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणायची सोय राहायला नको.

आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. बत्तीस वर्षं त्यांनी एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवली. जुनी लिफ्ट. जाळीचा सरकता दरवाजा, आत एक स्टूल, सहा माणसांची मर्यादा. सातवा कितीही मोठा माणूस असला तरी आप्पा हात आडवा घालायचे. 'सहा झाले. बाकीचे पुढच्या खेपेला.' एकदा खुद्द मोठ्या साहेबांना त्यांनी असं बाहेर ठेवलं होतं. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. मला कधी ताई म्हणतात, ताईला कधी आई. लिफ्ट मात्र आठवते. मी घरीच शिवणकाम करते, मशीन त्यांच्या खाटेला लागून आहे, म्हणून आमचं भागतं.

ताईच्या ऑफिसात चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्यात तिला तुमच्या पार्कातल्या हॅलोविन पार्टीचे चार पास लागले. ताई, तिची दहा वर्षांची मुलगी, मी आणि आप्पा. मुलीला आम्ही बॅटरी म्हणतो, कारण ती कधी उतरत नाही. मी म्हटलं, आप्पांना गर्दीत नको. ताई म्हणाली, "तू त्यांना त्या मशीनच्या खडखडाटात कोंडून ठेवतेस. एक दिवस हवा खाऊ दे की." कोंडून ठेवते हे मला झोंबलं, आणि मी हो म्हटलं. चुकलं माझं.

गेटवर तुमच्या माणसांनी ताईच्या हातात एक रंगीत कागद दिला. 'पार्टीचा पुरेपूर आनंद लुटण्यासाठी दहा सूचना.' ताई अशा कागदांवर विश्वास ठेवणारी बाई आहे. शाळेत असताना प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनासुद्धा ती दोनदा वाचायची. पहिली सूचना, आल्याआल्या तोंड रंगवून घ्या, मोफत आहे. दुसरी, घरातल्या ज्येष्ठांनाही रंगवा, फोटो छान येतात. पाचवी, एका रांगेत सगळे उभे राहू नका, आपसात वाटून घ्या. नववी की दहावी, पाय दुखले तरी थांबू नका.

रंगवायच्या काउंटरवर आप्पा न्हाव्याच्या खुर्चीत बसावं तसे मान मागे टाकून निमूट बसले. रंगवणाऱ्या पोरीने त्यांचा सांगाडा केला. पांढरा चेहरा, डोळ्यांभोवती काळे खड्डे, ओठांवर दात. वर फुकटातली काळी झूल. बॅटरी म्हणाली, "आप्पा, तुम्ही एकदम मेलेले दिसताय." आप्पा म्हणाले, "दाढी झाली का?"

त्यानंतरचे दोन तास मी नीट सांगू शकत नाही, कारण आम्ही नीट काही पाहिलंच नाही. नुसते धावलो. ताई घड्याळ बघणार, कागद बघणार, "इथे पंचेचाळीस मिनिटं आहेत, आधी तिकडे," म्हणणार, तिकडे पोहोचलो की तिथे साठ मिनिटं. मी आप्पांचा हात धरून मागे. त्यांना लघवीला न्यायचं, पाणी द्यायचं, झूल पायात येते ती उचलायची. चारी बाजूंनी कर्ण्यांतून हसणारं भूत. आप्पा दर दोन मिनिटांनी विचारत होते, "आपल्याला कितव्या मजल्यावर जायचंय?"

सहा वाजून दहा मिनिटांनी पाळण्यासमोर आलो. एका वेळी दोन मोठे आणि एक लहान. ताई म्हणाली, "रांग दहा मिनिटांची आहे. आप्पांना बाकावर बसव. समोरच तर आहे."

"त्यांना एकटं?"

"दहा मिनिटं गं. तुझा जीव काय सारखा खालीवर. कधी तरी मजा कर."

मी त्यांना बाकावर बसवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला, आणि पाळण्यात बसले. वर गेल्यावर मला बाक दिसत होता, आणि बाकावर पुडा दिसत होता. आप्पा नव्हते. पाळणा आणखी तीन वेळा फिरला.

म्हणजे आमची चूक आहे. तुम्ही ती पुढे कराल, म्हणून मीच आधी लिहून ठेवते. पण चुकल्यानंतर पाचव्या मिनिटाला मी तुमच्या चौकशीच्या खिडकीशी उभी होते. तुमची बाजू तिथून सुरू होते.

खिडकीत मांजराचे कान लावलेली मुलगी होती. बोलायला बरी होती. म्हणाली, "काय हरवलंय?"

"माझे वडील."

तिने संगणकात बघितलं. "वय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"बारापर्यंतच घेतंय हे." तिने पुन्हा टाकून बघितलं. "बारा टाकू का?"

"टाका काहीही. पण कर्ण्यावर त्यांचं नाव पुकारा."

"पार्टीच्या वेळात पुकारता येत नाही. वातावरण बिघडतं. काय घातलंय त्यांनी?"

"काळी झूल. तोंड सांगाड्यासारखं रंगवलंय."

तिने माझ्या मागे बघितलं. मीही वळून बघितलं. तिथे काळ्या झुली घातलेले निदान दोनशे सांगाडे फिरत होते. त्या क्षणी मला कळलं की मी माझ्या बापाला ओळखण्यासारखी एकही खूण शिल्लक ठेवलेली नाही. ती खूण तुमच्या काउंटरवर मोफत पुसून मिळते.

ताई आणि मी दोन बाजूंना धावलो. बॅटरीला मी बरोबर घेतलं. दर सांगाड्याच्या तोंडासमोर जाऊन बघायचं. एकाने मला घाबरवलं, एकाने माझ्याबरोबर फोटो काढला. तुमचा एक रखवालदार म्हणाला, "मोठा माणूस आहे, जाईल कुठे? घरी गेले असतील." मी म्हटलं, "त्यांना घर कुठे आहे हे माहीत नाही." तो म्हणाला, "मग जाणार नाहीत, चांगलंय की." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

सातच्या सुमाराला मी तुमच्या 'भुताचं हॉटेल' नावाच्या खेळासमोरून गेले. गर्दी खिदळत बाहेर पडत होती. एक बाई मैत्रिणीला सांगत होती, "दारावरचा म्हातारा काय भारी आहे! अंगावर काटा आला." मी तिच्या शेजारून गेले आणि थांबले नाही. मी माणूस शोधत होते. भूत कशाला बघू? हे मला रात्री झोपू देत नाही, तुम्हाला काय.

पावणेनऊला पाच मिनिटं कमी असताना बॅटरीने माझा दुपट्टा ओढला. "मावशी, ऐक."

गर्दीच्या पलीकडून आवाज आला. "सहा झाले. बाकीचे पुढच्या खेपेला."

तुमच्या हॉटेलाच्या दाराला जुन्या लिफ्टसारखी सरकती जाळी आहे. आप्पा तिला धरून उभे होते, हात आडवा, पाठ ताठ. छातीवर अठरा नंबरचा बिल्ला. सहा माणसं आत घेत होते, जाळी लावत होते, उघडत होते. प्रत्येकाला विचारत होते, "कितवा मजला?" आणि मग हळू आवाजात, "खाली माझ्या मुली उभ्या आहेत का? दोघी आहेत. जरा बघाल?"

लोक किंचाळत होते. हसत होते. एक मुलगा मोबाईल वर धरून म्हणाला, "पुन्हा म्हणा ना, मुलींचं."

आणि आप्पांनी पुन्हा म्हटलं. त्यांना वाटलं, याला नीट ऐकू आलं नाही.

मी जाळीत घुसले. ते मला म्हणाले, "बाई, रांगेतून या." मग माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा हात खाली आला. पँट पुढून ओली होती, सुकून पुन्हा ओली झालेली. उभं राहून पाय सुजले होते, चपलेचा पट्टा आत रुतला होता.

तेवढ्यात तुमचा भोपळी रंगाची टोपी घातलेला माणूस आला. "मॅडम, कामाच्या माणसाला हात लावायचा नाही."

"हे माझे वडील आहेत. हे इथे कामाला नाहीत."

"नंबर आहे की त्यांना."

"कोणी दिला?"

त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते. रोजंदारीवरची भुतं पन्नास असतात. एकदा रंगवली की चेहरे कळत नाहीत, म्हणून नावं विचारत नाहीत, नंबर लावतात आणि अर्ध्या तासाने डोकी मोजतात. त्या दिवशी अठरा नंबरचं भूत चहाला गेलं ते आलंच नाही. त्याने येऊन बघितलं तर दारावर भूत उभं, नंबराशिवाय. "मी म्हटलं, नंबर कुठे पाडलात? ते म्हणाले, सॉरी साहेब. मी दुसरा लावला. डोकी बरोबर भरली."

"त्यांनी पाणी मागितलं?"

"मागितलं असेल."

"लघवीला?"

"मी सांगितलं, आठनंतर सुट्टी. मग गर्दी वाढली." आणि मग, हे त्याने खरंच चांगल्या मनाने सांगितलं, "काम एक नंबर करतात हो. धक्काबुक्की नाही, काही नाही. मी त्यांना म्हटलंय, उद्या चारला या."

हे त्याचं एक वाक्य. बाकी सगळं मी कदाचित गिळलंही असतं. तोंडाचा रंग खोबरेल तेलाने तीन दिवसांत गेला, कानामागचा आठवड्याने. पायाची सूज उतरली. ताई माझ्याशी दहा दिवस बोलली नाही आणि मी तिच्याशी, मग तिने येऊन माझ्या मशीनजवळ बसून रडून घेतलं आणि ते मिटलं. त्या मोबाईलवाल्या मुलाचा व्हिडिओ तुम्ही तुमच्या पानावर टाकलात, 'घर शोधणारं भूत' असं वर लिहून. खाली लोक विचारतात हा नट कोण. तोही मी गिळला असता, म्हणजे नसता, पण भांडत बसले असते.

पण आप्पांना दुपारचे चार आठवतात. सकाळचं खाणं आठवत नाही, माझं नाव आठवत नाही, हे आठवतं. कारण ते साहेबांनी सांगितलंय.

साडेतीन वाजले की ते उठतात. शर्ट घालतात, बटणं एकाआड एक लागतात. खिसे चाचपतात, बिल्ला शोधतात. पावणेचारला दाराशी. मी म्हणते, "आप्पा, ते काम संपलं. पार्टी संपली." ते म्हणतात, "तू कोण सांगणार? साहेबांनी सांगू दे." भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, एकदा फोनवरून साहेब होऊन बघितलं. आप्पांनी नीट ऐकून घेतलं, फोन मला दिला आणि म्हणाले, "हा आपला साहेब नाही. हा घाबरतोय."

मागच्या आठवड्यात मी एका बाईचं माप घ्यायला तिच्या घरी गेले होते, अर्धा तास, शेजारणीला सांगून. शेजारीण गॅसवर दूध बघायला आत गेली. आप्पा आमच्या कोपऱ्यावरच्या चौकात सापडले. रस्त्याच्या मधोमध, हात आडवा. सहा गाड्या जाऊ देत होते आणि सातवी अडवत होते. सातवी गाडी म्हणजे ट्रक होता. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, खाली उतरला, आणि त्याला शिव्या सुचेनात. त्यानेच त्यांना धरून घरी आणलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, रोज माझ्यासारखा ब्रेक लागेलच असं नाही."

तेव्हापासून मी दाराला बाहेरून कुलूप लावते. ताई म्हणाली होती कोंडून ठेवतेस, तर आता खरंच कोंडते. मी आत मशीनवर असले तरी कुलूप असतं, शेजारणीकडे किल्ली. चार वाजता आप्पा दार हलवायला लागतात. आधी हळू, मग जोरात. पाच वाजेपर्यंत. मग थकतात आणि मला सांगतात, "आज खाडा झाला. आपल्याला काढून टाकतील." त्यांनी बत्तीस वर्षांत खाडा केला नव्हता. त्यांचे डोळे भरतात. हे रोज होतं. रोज म्हणजे काल, आणि तुम्ही हे वाचाल त्या दिवशीही.

मला भरपाई नको, पास तर नकोच. व्हिडिओ काढा, तो काढायला सांगावं लागतं हीच लाज आहे. मला तुमच्याकडून एक माणूस हवाय. टोपीवाला असेल तर उत्तम, नाहीतर त्याच टोपीतला दुसरा कोणीही, मात्र न घाबरणारा. त्याने दुपारी चारच्या आधी आमच्या घरी यायचं, आप्पांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, तुमचं काम चोख झालं, उद्यापासून यायचं नाही. अहो-जाहो करून सांगायचं. आप्पा 'बरं साहेब' म्हणतील. पाच मिनिटांचं काम आहे. त्याला घ्यायला आणि परत सोडायला मी येईन.

तुमच्याकडे डोकी मोजणारी माणसं आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यातलं एक डोकं मला पाच मिनिटं द्या. कोण येतोय आणि कोणत्या दिवशी येतोय, ते लिहून कळवा. या वेळी खाली माणसाचं नाव हवं. कोण येणार आहे?