ताईंचं पत्र पायांत गेलं

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचं नाक मुरडणं एकदाच उरकेल. मी एक कीबोर्ड आहे. काही मास्तर मला कळफलक म्हणायला सांगतात आणि घरी जाऊन स्वतः कीबोर्डच म्हणतात. माझा रंग कधीकाळी पांढरा होता, आता जुन्या दातांसारखा झाला आहे. माझ्या अंगात रंगीबेरंगी दिवे लागत नाहीत, आणि माझं प्रत्येक बटण दाबलं की आवाज करतं. त्या आवाजाचा मला फार अभिमान होता. तो अभिमान का गेला, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. जन्माची हकिगत सांगण्यासारखी नाही. एका पट्ट्यावरून आलो, कोणीतरी अक्षरं बसवली, कोणीतरी खोक्यात कोंबलं. त्याच खोक्यात माझ्या उशाला एक माऊस होता. दोन बटणं आणि एक चाक, एवढ्या भांडवलावर त्याचा तोरा पाहण्यासारखा होता. त्याला वाटायचं, जग त्याच्या टिचकीवर चालतं. मी त्याच्याशी तेव्हाही बोललो नाही, आजही बोलत नाही.

आम्ही दोघं एका कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आलो, टायपिस्ट बाईंच्या टेबलावर. मित्रांनो, आयुष्यात ज्यांचा मला तिटकारा आला नाही अशी माणसं मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील. बाई त्यांतल्या एक. दहाही बोटांनी टाइप करायच्या. कागद डावीकडे उभा, हनुवटी जराशी वर, नजर कागदावर. स्क्रीनकडे तर त्या बघतच नसत. परिच्छेद संपला की करंगळीने एंटर आणि लगेच पुढचा. पान पूर्ण झाल्यावरच मान वर करायच्या, आणि पानात एक चूक सापडत नसे. साहेब येऊन म्हणायचे, बाईंचा हात म्हणजे हात. हे साहेब स्वतः एका बोटाने अक्षर शोधत बसत, आणि सापडलं की त्यावर इतक्या जोरात मारत जणू ते पळून जाणार होतं. माझं कौतुक त्यांनी एकदाही केलं नाही. त्यांच्याकडून झालं असतं तरी मी ते घेतलं नसतं.

त्या टेबलापाशी एक दिवस बाईंचा धाकटा भाऊ आला. तो सुतार होता. लहानपणी वडिलांचा रंधा घेऊन घरातल्या चांगल्या पाटाचा भुसा पाडला होता, तेव्हापासून घरात त्याला सगळे रंध्या म्हणत. करवतीच्या यंत्राशेजारी वीस वर्षं उभं राहून त्याचे कान निकामी होत चालले होते. डॉक्टरांनी त्या दिवशी तसं स्पष्ट सांगितलं, म्हणून तो तडक बहिणीकडे आला होता. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात, तसा तो बोलत होता. सगळं कार्यालय माना वळवून बघायला लागलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातलं काम न थांबवता त्या हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. तो म्हणाला, "काय?" त्या पुन्हा म्हणाल्या. तो पुन्हा, "काय?" तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "जाऊ दे, भिंतीशी बोलल्यासारखं आहे." आजूबाजूचे हसले. बाईंनी त्याच्याकडे पाठ केली आणि माझ्याकडे तोंड.

ओठ पाहून बोलणं समजून घेणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवली, म्हणजे त्याच्यापुरतं बोलणं संपलं. तो गेला. त्यांचं आधीचं वाक्य काय होतं, ते मलाही कळलं नाही, कारण मीच टकटक करत होतो. आणि खरं सांगतो, बाई भावाला सोडून माझ्याकडे वळल्या याचं मला तेव्हा बरं वाटलं. इतरांवर तोंड टाकायची माझी सवय आहे, पण ही गोष्ट आठवली की मला माझाच राग येतो.

त्यानंतर भाऊ आला नाही. बाईंनी दोन पत्रं पाठवली, दोन्ही न उघडता परत आली. फोनचा त्याला उपयोग नव्हता. बाई निवृत्त झाल्या, तेव्हा कार्यालय जुनं सामान भंगारात काढत होतं. बाईंनी मला पिशवीत घातलं आणि घरी आणलं. माऊसही आला, कारण आमच्या वायरींचा गुंता झाला होता. मग सहा वर्षं कपाटावर. धूळ, झुरळं आणि शेजारी तो चाकवाला. यापेक्षा भंगार बरं, असं मला कितीदा वाटलं.

सहा वर्षांनी, घाईघाईत आणि अर्धवट पुसून, मला खाली काढलं. बाईंच्या लेकीला मामाचा पत्ता लागला होता. पत्ता म्हणजे घराचा नव्हे. संगणकात एक आभासी जग असतं. तिथे गल्ल्या, घरं, बागा, सगळं असतं, आणि माणसं आपापल्या नावाची एक बाहुली करून तिच्यात हिंडतात. तिथे रंध्या नावाची एक बाहुली रोज सकाळी दहा वाजता सुतारशाळा भरवायची, नवख्यांना खुर्ची कशी जोडायची ते शिकवायची. त्या जगात प्रत्येकाचं बोलणं लिहून दिसतं. तिथे कोणी बहिरा नसतो. मात्र शाळेच्या पाटीवर लिहिलं होतं, की शनिवारी शेवटचा वर्ग, त्यानंतर ही जागा दुसऱ्याची. त्या दिवशी बुधवार होता. शनिवार गेला की भाऊ पुन्हा कुठे सापडणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता घरात जावईबापू अवतरले. हे गृहस्थ कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी बाह्या वर करतात. बाईंची बाहुली कशी चालावी, हे त्यांनी बाईंना न विचारता ठरवून टाकलं. माझ्या डाव्या बाजूची चार अक्षरं म्हणजे पाय. डब्ल्यू दाबला की पुढे, एस दाबला की मागे, ए आणि डी दाबले की डावी-उजवीकडे. स्पेस म्हणजे उडी. एफ म्हणजे आकाशात उड्डाण. मान वळवायला माऊस. आणि बोलायचं असेल तर आधी एंटर दाबून बोलण्याची ओळ उघडायची, लिहायचं, एंटर दाबून धाडायचं, की ती ओळ पुन्हा बंद आणि अक्षरं पुन्हा पायांत.

बाई म्हणाल्या, मला अक्षरं बोलायला हवीत, चालायला नकोत. जावईबापू हसले. "आई, सगळं जग असंच खेळतं," ते म्हणाले. सगळं जग करतं ही त्यांची एकमेव अक्कल. बाई तिथे खेळायला निघाल्या नव्हत्या, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही.

गुरुवारी दहाला बाई माझ्यापुढे बसल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी कागदावर मसुदा केला होता, खाडाखोड करून, मग पुन्हा स्वच्छ. तो त्यांनी डावीकडे उभा केला. बाहुली कशीबशी शाळेत पोहोचली, भिंतींना दोनदा आणि एका शिडीला एकदा आपटून. समोर रंध्या होता, हातात करवत. बाईंनी एंटर दाबला, हनुवटी जराशी वर केली, नजर कागदावर ठेवली आणि टाइप केलं, "रंध्या, मी ताई." मग सवयीने करंगळीने एंटर, आणि पुढची ओळ.

बोलण्याची ओळ बंद झाली होती. बाईंना ते दिसलं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी कधी मध्येच मान वर केली नव्हती. पुढचं पत्र म्हणजे एकच सलग परिच्छेद, मध्ये कुठे एंटर नाही; त्या टाइप करत राहिल्या, आणि ते सगळं पत्र बाहुलीच्या पायांत गेलं. प्रत्येक शब्दानंतर स्पेस, म्हणून प्रत्येक शब्दाला उडी. भावासमोर "मी ताई" असं म्हणून ती बाहुली मागे सरली, उड्या मारत दाराबाहेर पडली, अंगण ओलांडलं, आणि कुठलासा एफ लागला तशी आकाशात निघून गेली.

ते पत्र अख्ख्या जगात फक्त मी वाचलं. सुरुवात अगदी कार्यालयी होती, अमुक दिवशी माझ्याकडून घडलेल्या वर्तनाबद्दल वगैरे, वाचून माझं डोकं उठलं. पण शेवटचं वाक्य होतं, "कान तुझे जात होते आणि काळजी मला माझ्या लाजेची होती." ते टाइप करताना बाईंची बोटं अडखळली. मग त्यांनी मान वर केली. समोर नुसतं निळं आकाश होतं. खाली एक ओळ दिसत होती, रंध्याची. "आलीस तशीच गेलीस. बरं." आणि तो निघून गेला होता.

बाईंनी पदराने माझ्या स्पेसवर पडलेलं पाणी पुसलं.

संध्याकाळी जावईबापूंनी निदान केलं. दोष कीबोर्डचा. जुनं डबडं, बटणं अडकत असणार. शुक्रवारी सकाळी त्यांनी एक नवा कीबोर्ड आणला, अंगभर दिवे असलेला, जत्रेतल्या पाळण्यासारखा. मला टेबलाखाली पायांशी ढकललं. माऊस वरच राहिला. माझं एकही बटण कधी अडकलेलं नव्हतं. जे मला दिलं होतं तेच मी तंतोतंत केलं होतं, आणि तिथेच सगळं बिघडलं होतं.

ते कामावर गेल्यावर बाईंनी चष्मा पुसला आणि त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगचं पान उघडलं. एखादा सरकारी कागद तपासावा तशी त्यांनी प्रत्येक ओळ वाचली, पेन्सिलने कागदावर उतरवून घेतली. बावीस ओळी होत्या. सतराव्या ओळीत लिहिलं होतं, "अक्षरं दाबल्यावर काय व्हावं", आणि पुढे दोनच पर्याय, चालणं किंवा बोलणं. जावईबापूंनी ती ओळ कधी वाचलीच नव्हती. माझ्या उजव्या अंगाला चार बाणांची बटणं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या रिकामटेकडी. बाईंनी चालणं आणि वळणं त्यांच्याकडे दिलं. अक्षरं सगळी बोलण्याला. उडी काढून टाकली. उड्डाण काढून टाकलं. माऊसला काहीच ठेवलं नाही, आणि मित्रांनो, मी काही साधुसंत नाही, मला त्याचा आनंद झाला. मग त्या वाकल्या, मला वर घेतलं, आणि जत्रेचा पाळणा वायर काढून खोक्यात घातला.

जावईबापू संध्याकाळी आले, बघितलं आणि म्हणाले, असं कोणी ठेवत नाही, लोक हसतील. बाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, ते पाय माझे आहेत."

शनिवारी बाईंनी कागद घेतला नाही. दहाला बाहुली चालत गेली, सरळ, एकही भिंत न आपटता. रंध्या भिंतीवरची हत्यारं काढत होता. तीन शिष्य अर्धवट खुर्च्यांवर बसले होते. बाईंनी बाणाने बाहुली वळवली, अगदी त्याच्या तोंडासमोर उभी केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्क्रीनकडे बघत टाइप केलं, हळूहळू.

"त्या दिवशी मी तुझ्याकडे पाठ फिरवली."

तो हत्यारं काढतच राहिला. मग उत्तर आलं. "परवाही फिरवलीस."

बाईंनी टाइप केलं, "परवा पाय माझ्या ताब्यात नव्हते. त्या दिवशी होते."

रंध्याच्या हातातली पटाशी खाली आली. शिष्य एकेक करून बाहेर गेले. सुताराच्या शिष्यांना एवढी समज आहे, आमच्या घरातल्यांना नाही.

"तेव्हा काय म्हणाली होतीस? तीनदा विचारलं मी."

"डबा दोघांना पुरेल, जेवून जा, असं म्हणाले होते."

बाईंचा श्वास माझ्या बटणांवर येत होता.

"मग सगळे हसले का?"

बाई इथे खोटं बोलू शकल्या असत्या. खोटं टाइप करायला तेवढीच बटणं लागतात. त्यांनी लिहिलं, "त्याच्यानंतर मी म्हणाले, भिंतीशी बोलल्यासारखं आहे. त्याला हसले."

"ते मला तेव्हाच कळलं होतं, ताई," त्याने लिहिलं. "आधीचं कळलं नव्हतं."

मित्रांनो, तो आठवडाभराने घरी आला, हाडामांसाचा, आणि जेवून गेला. बाई त्याच्यासमोर बसून बोलत होत्या, तोंड त्याच्याकडे ठेवून. एखादा शब्द त्याला कळला नाही की मला पुढे ओढून टाइप करत, आणि तो स्क्रीनवर वाचून मान डोलवी. जावईबापूंनी मामांना नव्या कीबोर्डची माहिती दिली. मामांनी ऐकू येत नसल्याची खूण केली, आणि ती खूण मला त्या दिवशी फार आवडली.

आता रीत म्हणून मला तुमच्याकडे काही मागायला हवं. माझ्यावर बिस्किटं खाऊ नका, हे तुम्ही ऐकणार नाही, तेव्हा सोडून देतो. दुसऱ्याचे हातपाय त्याला न विचारता जुळवू नका, हेही तुमच्यातले दीडशहाणे ऐकणार नाहीत. पण मी टकटक करत असताना शेजारचं माणूस हळू आवाजात काही म्हणालं, तर बोटं उचला आणि त्याच्याकडे बघा. मी लगेच गप्प होतो. घाई मला कधीच नव्हती.