दुखवट्याची रजा

धुतलेल्या चादरींची शेवटची ढकलगाडी कॉर्लिसने व्हॅनमध्ये चढवली आणि दार ओढून घेतलं. मागून तिच्याबरोबर लाँड्रीत काम करणारी तविता हसत आली.

"ऐकलंस का? नगरपालिकेचा नवा नियम! नवराबायकोला जे मिळतं, ते लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनाही द्यायचं. नाही दिलं तर इस्पितळाच्या धुण्याचं कंत्राट बंद. आपल्या शेठने मुकाट्याने सही केली म्हणे. आता तुझ्या आयनेझच्या दातांचा उपचारसुद्धा कंपनीच्या खर्चाने!"

"ती माझी रूममेट आहे."

"हो बाई, रूममेट! आम्ही काय आंधळे आहोत?"

कॉर्लिस कसनुशी हसली. गाडी काढून ती इस्पितळाच्या चढाला लागली. धुक्यात समोरचं काही धड दिसत नव्हतं.

आयनेझला जाऊन सात महिने झाले होते. भावांनी तिला त्यांच्या गावी, फ्रेस्नोला नेऊन पुरलं, तेव्हा कॉर्लिस याच रस्त्यावर चादरी पोचवत होती. रजा मागायची तर कोण गेलं म्हणून सांगायचं? त्यानंतर घरी गेल्यावर ती रेडिओ लावायची, कुणीतरी बोलत असावं म्हणून.

दुपारी परतल्यावर ती फेऱ्या लावून देणाऱ्या गॅरिटीसाहेबांच्या दारात उभी राहिली.

"साहेब, त्या नियमात दुखवट्याची रजा येते का?"

"येते. का गं? कुणाचं काही...?"

"आयनेझ गेली."

गॅरिटी खुर्चीतून अर्धवट उठले. "अरे देवा! कधी?"

"मार्चमध्ये."

ते पुन्हा बसले. टेबलावरचा चष्मा उगाच इकडचा तिकडे ठेवला.

"कॉर्लिस, नियम आजपासूनचा आहे."

"मलाही आजच सांगता येतंय, साहेब."

बाहेर इस्त्रीची यंत्रं धडधडत होती. गॅरिटी उठले. मग दारातून डोकं बाहेर काढून हाक मारली, "तविता! उद्यापासून तीन दिवस हिची फेरी तू कर."

"आणि ही कुठे निघाली? मजा आहे बुवा एकेकाची!"

गॅरिटींनी कॉर्लिसकडे पाहिलं.

तिने हातमोजे काढले.

"माझं माणूस गेलं," ती म्हणाली.

तविताचं हसू ओठांवरच विरलं. ती जवळ आली. कधी, कसं, काहीच तिने विचारलं नाही. कॉर्लिसचा दंड धरून तिला बाकावर बसवलं.

"सकाळपासून काही खाल्लंस का?"