तयार नमुना

क्लेमेंटीनबाईंनी आठ वर्षांत टीव्हीवर एकही वस्तू पुरी केली नव्हती, तरी लोक त्यांना हस्तकलेतल्या जाणकार म्हणत. दर गुरुवारी संध्याकाळी त्या कडक इस्त्रीच्या साडीत पडद्यावर यायच्या, कागदाला एक घडी घालायच्या, कात्री दोनदा चालवायच्या आणि गोड हसून म्हणायच्या, "वेळेअभावी आपण तयार नमुनाच पाहू या." मग डब्यातून झुंबर निघायचं, लोकरीचं बदक निघायचं. बाई ते अशा कौतुकाने फिरवून दाखवायच्या, जणू रात्रभर त्याच खपल्या होत्या.

नमुना यायचा बाईंच्या माहेरून, पापडी गावातून. बाईंचा धाकटा भाऊ सॅन्टन, त्याची बायको सेलिन तो करायची. केळीच्या वाडीतलं काम, गुरं, चूल सगळं उरकून ती ओट्यावर बसायची. सॅन्टन बुधवारी कामावर जाताना डबा बहिणीच्या वांद्र्याच्या घरी पोचवायचा. बाई तो कधी आधी उघडून बघत नसत. नळाला पाणी येतं तसा सेलिनचा नमुना येणारच, एवढाच त्यांचा हिशेब.

वर पापडीतल्या बायका सेलिनलाच सुनवायच्या, "तुझ्या नणंदेच्या हातात काय जादू आहे! शीक जरा तिच्याकडून." सेलिनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचं मागणं एकच होतं.

"बाय, एकदा तरी टीव्हीवर माझं नाव घ्या."

"घेईन गं. उतावीळ कशाला होतेस?"

एक्याऐंशी साली, कार्यक्रमाला आठ वर्षं झाली त्या गुरुवारी, बाईंनी नाव घेतलं. शेजारी फर्डिनंडच्या घरी आळीतला एकुलता टीव्ही, समोर वीसेक माणसं. बाई म्हणाल्या, "आमच्या गावी सेलिन म्हणून एक बाई आहे. पानं, शिंपले वेचून देते. बिचारीला कलेतलं काही कळत नाही, पण प्रामाणिक आहे हो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाव आलं ना. सेलिन उठून घरी गेली आणि तिने संतापाने गुरांचा चारा गरजेपेक्षा दुप्पट कापून ठेवला.

त्याच कार्यक्रमाच्या शेवटी बाईंनी आणखी एक थाप मारली होती. ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार जवळ आला होता, तेव्हा पुढच्या गुरुवारी माडाच्या कोवळ्या पातीचा क्रूस विणून दाखवणार, मधोमध पातीच्याच गुलाबासकट. "लहानपणापासून मी स्वतः विणते." पापडीत सात वर्षांची पोर हा क्रूस विणते. क्लेमेंटीनचा मात्र दरवर्षी तिची आईच विणून द्यायची, कारण पातीने बोटं कापतात म्हणून ही रडायची.

सेलिनने डबा भरला, दोऱ्याने बांधला आणि सॅन्टनच्या हाती दिला.

गुरुवारी फर्डिनंडच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. कार्यक्रम थेट चालायचा, चुकलं तर मागे फिरायची सोय नाही. बाईंनी एक पात दुमडली, हसल्या, "वेळेअभावी" म्हणाल्या आणि डबा उघडला. आत कोवळ्या पाती होत्या, धुतलेल्या, पुसलेल्या, दुसरं काही नाही.

बाईंचं हसू तसंच राहिलं. त्यांनी पात उलटी धरली, ती चिरली. दुसरी घेतली, ती सुटली. मग घाम पुसत त्यांनी बाजूच्या माणसाकडे डिंक मागितला.

"डिंक?" फर्डिनंडची म्हातारी आई अँजेलिना खुर्चीत सरळ झाली. झावळीच्या क्रूसाला कोणी डिंक लावल्याचं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. पोरी फिदीफिदी हसू लागल्या. तेवढ्यात पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी आली.

"हिला तर क्रूसपण येत नाय," अँजेलिना म्हणाली. "मग आठ वर्षं ते सगळं कोण करत होतं?"

सॅन्टनचा चेहरा उतरला होता. बहिणीची अब्रू गेली ती गेली, आता घरातलं बाहेर नको, म्हणून तो सेलिनला डोळ्यांनी गप्प राहा म्हणून विनवत होता.

"मी," सेलिन म्हणाली.