येनो बाचींचं कुलूप

एतेल्का फुटक्या सीडीचे दोन तुकडे रुमालात गुंडाळून घेऊन आली, तेव्हा येनो बाची, म्हणजे येनोकाका, अंगणात अक्रोड फोडत बसले होते.

"फिरता फिरता आतल्या आत तडकली," ती म्हणाली. "आता कॉम्प्युटर म्हणतो, मूळ सीडी घाला. कुठून घालू?"

हंगेरीतल्या पेच शहरात एतेल्काचा हातमोजे शिवायचा छोटा कारखाना होता. कातडं कमीत कमी वाया जाईल अशी बोटं-अंगठे मांडून देणारा प्रोग्राम तिने नऊ वर्षांपूर्वी विकत घेतला होता. तो कॉम्प्युटरवर असला तरी सुरू करताना दर वेळी मूळ सीडी लागे. नक्कल चालत नसे. ती व्यवस्था येनो बाचींचीच; प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीत ते कामाला होते. सीडीवरच्या काही जागा त्यांनी मुद्दाम बिघडवून घेतल्या होत्या आणि प्रोग्राम आधी त्या शोधायचा. साध्या नकलेत त्या उतरत नसत. पुढे कंपनी बंद पडली आणि बाची निवृत्त झाले.

"कुलूप तुम्ही लावलंत, मग किल्लीही तुमच्याकडेच असणार."

"होती गं. घर बदललं तेव्हा सगळं भंगारात गेलं."

"धन्य आहे तुमची, बाची! तिकडे पोरी कात्र्या घेऊन बसल्यात."

दोन दिवस बाचींनी स्वतःच्याच प्रोग्रामशी झटापट केली. आपण तेव्हा काय डोकं चालवलं होतं, ते त्यांना आता उलगडेना. तिसऱ्या दिवशी मान खाली घालून ते इंटरनेटवर शोधायला लागले. अर्ध्या तासात एका जुन्या चर्चेच्या पानावर एक चिमुकला प्रोग्राम सापडला. सीडीची तपासणी तेवढी तो बाजूला काढायचा. खाली तारीख होती. प्रोग्राम बाजारात आल्यावर अकराव्या दिवसाची.

आपलं कुलूप कधी कुणाला उघडता आलं नाही, असं बाची इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. त्यांचे कान तापले.

सोबत चार ओळींची चिठ्ठी होती. 'कुलूप झकास आहे, माझी अख्खी सुट्टी खाल्ली. पण सासूबाईंकडे विकत घेतलेली खरी सीडी आहे आणि त्यांचा कॉम्प्युटर ती ओळखत नाही. कंपनीला तीनदा फोन केला. तिथला माणूस म्हणतो, कॉम्प्युटर बदला.'

कंपनीत फोन घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. तो माणूस म्हणजे बाचीच.

दुपारी ते कारखान्यात गेले आणि तो प्रोग्राम चालवला. पडद्यावर कातड्याचा आकार उमटला, त्यात बोटं ओळीने बसली. एतेल्काने टाळी वाजवली. "वा! शेवटी तुमचंच डोकं!"

"माझं नाही," बाची म्हणाले. चिठ्ठीतलं सगळं त्यांनी तिला सांगितलं, फोनचंही. "चिठ्ठीखालच्या ईमेलवर लगेच माफीचं पत्र पाठवलं त्याला. पत्ता बंद झालाय, परत आलं."

"नाव काय त्याचं?"

"खरं नाव नाही. 'आळशी बेडूक' लिहिलंय."

एतेल्काला हसू आवरेना. तिने कपाटातून आलुबुखाराची पालिंका, तिथली कडक फळांची दारू, काढली, दोन पेले भरले. "घ्या बाची, बेडकाच्या नावाने."

बाचींनी पेला उचलला. "आणि त्याच्या सासूबाईंच्याही," ते म्हणाले.