कोर्ट घरी येणार म्हणून

मावशींच्या वकील भाचीने फोनवर एवढंच सांगितलं, "कोर्टाने नेमलेले अधिकारी गुरुवारी तुझं घर पाहायला येतायत." घर पाहायला माणसं येणार म्हटल्यावर मावशी गप्प बसतात होय? त्यांनी बाहेरची खोली रंगवून काढली.

खटला त्यांनीच घातला होता. गल्लीला लागून असलेल्या पाणथळीवर भराव टाकून इमारती बांधायला परवानगी मिळाली होती. परवानगी देणाऱ्यांनी हिशेबात जुनाच पाऊस धरला होता. हवामान बदलतंय, पाऊस वर्षागणिक जास्तच पिसाळतोय, हे कुणी विचारातच घेतलं नव्हतं. पाणथळ बुजली की पाणी थेट मावशींच्या घरात. पुरावा म्हणजे त्यांच्या भिंतीवरच्या दोन मातकट रेषा. आधीच्या पुराची गुडघ्याएवढी, गेल्या वर्षीची कमरेच्याही वर. बाकी गल्लीने भिंती कधीच धुतल्या होत्या. फोटो होते तो मोबाइलच पाण्यात गेला होता. थोडक्यात, पुरावा टिकला मावशींच्या आळसामुळे आणि बुडाला त्यांच्या उत्साहामुळे.

गुरुवारी भाची दारातच थबकली. "मावशी, रेषा कुठायत?"

"दिसतायत का बघ! चांगले दोन हात दिलेत," म्हणता म्हणता मावशींचा आवाज खोल गेला.

"मी म्हटलं होतं," काका म्हणाले. "पण या घरात माझी याचिका दाखल करून घेतं कोण?"

तेवढ्यात अधिकारी आले, मागोमाग बिल्डरचा वकील. "वा! काय लख्ख घर ठेवलंय. इथे कधी पाणी आलं असेल असं वाटतच नाही हो," तो म्हणाला. घराचं कौतुक मावशींना जन्मात पहिल्यांदाच झोंबलं.

"पाणी कुठवर आलं होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"इथवर." मावशींनी भिंतीवर हात ठेवला.

"नुसता हात कसा नोंदवू, बाई? खूण दाखवा."

मावशींची नजर लोखंडी कपाटाकडे गेली. ते काही त्यांच्याने हललं नव्हतं, तेव्हा ब्रश त्याच्या कडेकडेनेच फिरला होता. मागे काय असेल ते त्यांनी सख्ख्या बहिणीलाही दाखवलं नसतं. घर बुडालं तरी चालेल, अब्रू राहू दे, असा विचार खरंच मनात येऊन गेला.

"अहो, कपाट ओढा."

"आत्ता? सगळ्यांदेखत?"

"ओढा म्हणते ना!"

काका आणि भाची भिडले. कपाट हलेना, तेव्हा सभ्यपणापायी बिल्डरच्या वकिलानेही हात लावला आणि ते कुरकुरत सरकलं.

मागे दोन्ही रेषा जशाच्या तशा. त्यांच्यावर धूळ आणि जळमटं, खाली एक कंगवा आणि वाळकी पाल. मावशी फडकं घेऊन धावल्या.

"हात लावू नकोस!" भाची किंचाळली.

अधिकारी गुडघ्यावर बसले. टेप लावली, फोटो काढले आणि मोठ्याने बोलत लिहू लागले, "कपाटामागे, धुळीच्या जाड थराखाली, दोन रेषा स्पष्ट..."

"साहेब," मावशी हळूच म्हणाल्या, "'जाड' लिहायलाच हवं का?"

"हवंच, बाई. त्यावरूनच तर कळतं, की खुणा काल-परवा काढलेल्या नाहीत."

मावशींनी एकदा आपल्या चकचकीत भिंतीकडे पाहिलं.

"मग 'फार जाड' लिहा," त्या म्हणाल्या.