दुसऱ्या क्रमांकाचा पेला

मित्रांनो, मी एक जुना पितळी पेला आहे, आणि तोही दुसऱ्या क्रमांकाचा. पुण्यातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं, दोन बाजूंना दोन कान लावले आणि पोटावर कोरलं, 'रस्सीखेच, दुसरा क्रमांक'. अरुळदास नावाच्या मद्रासी फिटरने मला जिंकलं. म्हणजे हरून मिळवलं.

पुढे पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना निघाला आणि अरुळदास तिथे लागला. जवळच पत्र्याच्या शेडमध्ये ख्रिस्ती कामगारांची मंडळी रविवारी उपासनेला जमायची. नगरकडचे मराठी, अरुळदाससारखे तमिळ, केरळची अन्नम्मा नर्स. गाणं एक, चाली तीन. महिन्यातून एकदा पुण्याहून सायकलवर पाळकसाहेब येत आणि प्रभुभोजनाचा विधी होई. एक भाकर सगळ्यांनी मोडून खायची, एकाच पेल्यातून सगळ्यांनी प्यायचं, कारण प्रभूच्या घरी सगळे एक कुटुंब. फक्त पेला तेवढा मंडळीकडे नव्हता. तो अरुळदासने दिला. पाळकसाहेबांनी माझं पोट वाचलं, जरासे खोकले आणि आशीर्वाद दिला.

तेव्हापासून माझ्यात मनुकांचा रस भरत आणि मी हातोहात फिरे. मंडळीचे पंच सोपानराव यांची आई मंजुळाबाई मला 'कानवाला' म्हणायची. तिला दिसायचं कमी. ती माझे कान चाचपून मला ओळखायची.

मग सोजराबाई आली. चाळीतले संडास झाडायची. नवरा वारलेला, मागेपुढे कोणी नाही. बरेच महिने तिने दारापाशी बसून ऐकलं आणि बाप्तिस्मा घेतला. पुढच्या विधीला ती प्रथमच माझ्यातून पिणार होती.

आणि सोपानरावांना अचानक जंतू दिसू लागले.

ते कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना बुचं लावायचे, त्यामुळे जंतूंबाबत त्यांचा शब्द अखेरचा. "सायन्स आहे, भाऊ," ते घरोघर सांगत फिरले. "उष्टं म्हणजे रोगाला आमंत्रण. ज्याने त्याने आपला पेला आणायचा." खरी गोष्ट अशी, की सोपानरावांचं आणि सोजराबाईचं, दोन्ही घरं पूर्वी गावाबाहेरचीच. पण गावाबाहेरही दोन टोकं असतात, आणि या टोकाला त्या टोकाचं उष्टं चालत नाही. सोपानराव सगळ्यांकडे गेले. सोजराबाईच्या खोलीशी मात्र त्यांची सायकल थांबली नाही.

रविवारी मी खिडकीत पालथा होतो. कोणी फुलपात्र आणलं होतं, कोणी काचेचा ग्लास, एकाने तर दाढीचा मग विसळून आणला होता. सोजराबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. तिने सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

पाळकसाहेब रसाचा तांब्या घेऊन थबकले. "हे काय, सोपानराव?"

"आरोग्य, साहेब."

"आणि या बाईंचा पेला?"

सोपानराव आपलं फुलपात्र रुमालाने पुसू लागले.

"उकळलं की जंतू मरतो," अन्नम्मा हळूच म्हणाली.

"सिस्टर, तुम्ही मध्ये पडू नका," सोपानराव म्हणाले.

सोजराबाई उठली. "मी जाते, सायेब. माझ्यापायी काम थांबाय नगं."

ती उंबऱ्यापाशी पोचली. मित्रांनो, अशा दारातून गेलेलं माणूस परत येत नाही, आणि तिला दुसरं दार नव्हतं. मला पाय नाहीत, नाहीतर मी आडवा झालो असतो.

"कानवाला कुठाय?" मंजुळाबाईने हातातलं भांडं चाचपलं. "हे काय दिलंस मला, सोपाना?"

"आई, जंतू असतात..."

"ऱ्हाऊ दे. वरनं वतलेलं पानी वंजळीनं पिऊन तुझ्या बापाचा जल्म गेला. त्याला बी लोक कारणंच सांगायचे. सोजरा, हिकडं ये. माझ्यापाशी बस."

सोजराबाई उंबऱ्यातच उभी. अरुळदासने मला खिडकीतून काढलं, शर्टाला पुसलं आणि पुढे धरलं. रस ओतला गेला. सोजराबाई परत आली, प्यायली. तिचे दात माझ्या काठावर वाजत होते. मग काठ न पुसता मंजुळाबाई प्यायली, आणि एक कान धरून मला लेकापुढे केलं. दुसरा कान रिकामा होता.

"घे. माझं उष्टं खाऊनच वाढलास तू. आपल्या मानसाचं उष्टं नसतं."

सोपानरावांचा हात हलेना. पुन्हा तीच रस्सीखेच, आणि या वेळी मीच दोरी. मागे कुणीतरी भांडं जमिनीवर ठेवलं. मग दुसरं. दाढीचा मगही खाली गेला. शेवटी सोपानरावांनी फुलपात्र खाली ठेवलं आणि माझा कान धरला.

माझ्या तळाशी थेंबच उरला होता. पण ते मला तोंडाला लावून बसले ते बसलेच. रिकामा पेला इतका वेळ कोणी पीत नाही.

"संपलं व्हय, दादा?" सोजराबाईने विचारलं. "द्या, इसळते."

"नको, ताई." सोपानरावांनी मला तांब्यापुढे धरलं. "साहेब, अजून ओता. सगळे राहिलेत."

त्या दिवशी मला सोपानरावांनीच धुतलं. उकळत्या पाण्याने. सायन्स त्यांनी सोडलं नाही, फक्त बोटं भाजून घेतली.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं भांडं तुमच्याकडे असेल, तर ते जपा. चिंचेने घासा, उकळत्या पाण्याने धुवा, म्हणजे जंतूंचा प्रश्न मिटेल. त्यानंतरही कोणी आपला वेगळा पेला काढलाच, तर मला दोष देऊ नका. एवढं पाहा, की दारापाशी कोण उभं आहे.