दहा हजार वर्षांचं पाणी

बाटलीच्या तळाशी नारिंगी गाळ बसला होता, अर्धा मिलिमीटर फार तर — लोह, यामिनीने मनाशी म्हटलं, हवा लागली की असंच होतं — आणि तेवढ्यात आईने ती बाटली उचलून लॅपटॉपसमोर धरली.

"हे बघा, इंग्लंडमधल्या बाथ गावचं पाणी. दोन वर्षं देवघरात आहे."

रविवारची दुपार, परदेशातल्या टार्निट उपनगरातलं घर, सहावा लॉकडाउन. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठांना आई झूमवर इंग्लंडची सहल घडवत होती; मायलेकींनी २०१९ साली काढलेले फोटो एकेक करून सरकत होते. यामिनीने तिला चार पानं टाइप करून दिली होती — तापमान, क्षार, उगमाची खोली — ती चष्म्याच्या घराखाली तशीच पडून होती.

"चाखलंत का, नीलिमावहिनी?" हेमचंद्रकाकांनी विचारलं.

"चाखलं ना! जुनी पितळी तोटी चोखावी तसं लागतं. तुम्हाला आवडेल, तुम्ही रोज कारल्याचा रस पिता."

पडद्यावरचे चौकोन हसले. यामिनीही हसली, दाराआड उभी राहून. शाळेच्या पालकसभेत 'यस, थँक यू'पलीकडे न जाणारी ही बाई... आता अर्धचंद्रात उभी तीस घरं दाखवत होती, दुतर्फा दुकानं असलेला पूल दाखवत होती, अ‍ॅबीच्या, तिथल्या जुन्या चर्चच्या, दर्शनी भिंतीवर शिड्या चढणारे दगडी देवदूत — "आणि हा एक उलटा उतरतोय बघा, खाली काहीतरी विसरल्यासारखा." माझी आई, यामिनीला वाटलं, आणि ऊर भरून आला.

मग हिरव्या पाण्याचा फोटो आला. रोमन लोकांचं मोठं स्नानकुंड, भोवती खांब.

हे नको सांगूस, आई... पाटी होती, पाण्याला हात लावू नका. पाणी शुद्ध केलेलं नाही, त्यात जंतू असू शकतात, हे यामिनीला पक्कं ठाऊक होतं. आणि तेव्हा आई वाकली, बोटं बुडवली, डोळ्यांना लावली, डोक्यावर शिंपडली. रखवालदार हात वर करत भराभर आला. आणि मी — मी तीन खांब पलीकडे, एका शिलालेखाची माहिती वाचत, जणू दुसऱ्याच कुणाबरोबर आलेली. किती वेळ? एक मिनिट, दीड... सगळं मोजणाऱ्या मुलीने तेवढं मोजलं नव्हतं.

"तिथली देवी सुलिस," आई सांगत होती. "रोमन बाहेरून आले, त्यांनी आपली मिनर्व्हा तिला जोडली, पण तिचं नाव पुसलं नाही. अशा देवीचं पाणी, हात थांबेल का? आला तो रखवालदार. मला इंग्रजी सुचेना! पण आमची यामिनी शेजारीच उभी. तिने सांगितलं त्याला, आमच्यात असं करतात. त्याने चक्क सॉरी म्हटलं."

"शिकलेली लेक जवळ असली की काय काळजी!" लीनाकाकू म्हणाल्या.

"ये गं, यामिनी. पाण्याचं शास्त्र तूच सांग."

ती येऊन बसली. आईला खरंच तसं आठवतं, की दोन वर्षांत तिने हे सावकाश रचलं — कुणासाठी? आईच्या चेहऱ्यावर नुसता अभिमान होता, यामिनीच्या चार पानांसारखाच बिनचूक. काकू, मी शेजारी नव्हते... एवढंच म्हणायचं होतं.

"हे पाणी," यामिनीने सुरुवात केली, "दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस होऊन पडलं..."

आईने बाटली पुन्हा कॅमेऱ्याकडे सरकवली. गाळ हलला, पाणी गढूळ झालं. यामिनी आकडे सांगत राहिली, सगळे बरोबर. आईचा हात तिच्या खांद्यावर होता, उबदार, निःशंक — तो उचलला जाऊ नये असं तिला वाटत होतं, आणि तो आपल्या खांद्यावर नाहीच, तेव्हा तीन खांब पलीकडे न जाता आईच्या शेजारी उभ्या राहिलेल्या कुणा दुसऱ्याच मुलीच्या खांद्यावर आहे, असंही...